नववीचा वर्ग आणि सतरा नंबरचा फॉर्म

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात प्रत्येक शाळेच्या कमानीवर फ्लेक्स लागतो. 'निकाल १०० टक्के'. खाली पहिल्या तिघांचे पासपोर्ट फोटो, वर संस्थेच्या अध्यक्षांचा त्याच्या चौपट फोटो. मी गणित शिकवते, त्यामुळे शंभर टक्के म्हटलं की माझं लक्ष आधी छेदाकडे जातं. समजा दहावीला चाळीस बसले आणि चाळीस पास झाले. पण तीच बॅच आठवीत होती तेव्हा पटावर साठ होती. मधली वीस कुठं गेली? फ्लेक्सवर तेवढी जागा नसते.

ती नववीत गळतात. बीडकडच्या कुठल्याही माध्यमिक शिक्षकाला एकांतात विचारा, तो हेच सांगेल. आठवीपर्यंत पोरामागं सरकार उभं असतं. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा चौदा वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंत. पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंत. २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला, म्हणजे शनिवारी पुस्तकाबाहेरचे उपक्रम, तोही पहिली ते आठवी. म्हणजे नववीत गेलं की आनंद, खिचडी आणि कायदा तिन्ही एकाच जूनमध्ये संपतं. आणि तिथंच शाळेचं स्वतःचं गणित सुरू होतं. हे पोरगं दहावीत गेलं तर आपला निकाल खाली ओढेल का? उत्तर 'हो' आलं, तर त्याला नववीत नापास करून बसवायचं, नाहीतर बापाला बोलावून गोड आवाजात सांगायचं, "दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी होईल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसायची सोय. शाळा सुटलेल्यांना, कामावर असलेल्यांना तिचा मोठा उपयोग होतो. ज्याला शाळेत यायचंय त्यालाही तो फॉर्म दाखवला जातो, तेव्हा तो कशासाठी हे त्या पोराला बरोबर कळतं.

मध्यंतरी तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं, विषय 'सकारात्मक शालेय वातावरण'. पीपीटी झाली, गटचर्चा झाली, चार्टपेपरवर झाड काढून त्याच्या पानांवर 'प्रेम', 'विश्वास', 'संवाद' लिहून झालं. टाळ्यांचे प्रकारही शिकवले. पावसाची टाळी मला अजून चांगली येते. त्या सभागृहात पन्नासेक माध्यमिक शाळांचे लोक असतील, पण सतरा नंबरचा विषय कुणी काढला नाही. चहाच्या वेळी मात्र सगळे त्याच विषयावर बोलत होते.

तर आता आमच्या शाळेबद्दल लिहिते. नाव लिहीत नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली पाचवी ते दहावीची शाळा, काही तुकड्या पूर्ण अनुदानावर, काही अंशतः. अर्ध्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळीची सुट्टी संपते, ट्रॅक्टर भरून निघतात, आणि दुसऱ्या सत्रात माझ्यासमोर अर्धा वर्ग उरतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकात बेळगावकडं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात पोरं परत येतात, तेव्हा वार्षिक परीक्षा दारात उभी असते.

आमच्याकडे बदल कशानं सुरू झाला म्हणाल, तर नववीच्या निकालाच्या बैठकीनं. नवे मुख्याध्यापक आले होते. बोलायला मवाळ, हट्टाला पक्के. ही बैठक आमच्याकडे अर्ध्या तासात आटपायची. वर्गशिक्षक नावं वाचणार, बाकीचे माना डोलावणार, शिपाईमामा भजी आणणार. त्या वर्षी हेडसर म्हणाले, "नापास करायला माझी हरकत नाही. ज्याला बसवायचं त्याच्या वह्या इथं टेबलावर ठेवा, आणि वर्षभर त्याच्यासाठी काय काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा." बस, एवढंच. आवाज नाही, भाषण नाही. पहिल्या नावालाच वर्गशिक्षक अडखळले. त्या पोराची वही सापडेना, कारण वही तपासायला कधी मागितलीच नव्हती. भजी थंड झाली आणि यादी बरीच आखूड झाली.

सगळे खूष झाले असं अजिबात नाही. इंग्रजीचे एक ज्येष्ठ सर आहेत, आमच्यात त्यांच्याइतकं कुणी वाचलेलं नाही. ते उठून म्हणाले, "निकाल पडला की पुढच्या वर्षी पाचवीला कोण येणार? पट कमी झाला की संचमान्यतेत तुकडी जाणार. मग अतिरिक्त कोण ठरणार, तुम्ही का मी?" हा प्रश्न खोटा नव्हता. संचमान्यतेत पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, आणि पदापेक्षा जास्त झालेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. शाळेतल्या वातावरणावर लिहिणारे लोक शिक्षकाच्या या भीतीला हातच लावत नाहीत, म्हणून त्यांचं लिहिणं मला पटत नाही. अंशतः अनुदानावरचा आमचा एक सहकारी शिकवतो माझ्याएवढंच, पगार घेतो त्याच्या अनुदानाच्या टप्प्याप्रमाणे, म्हणजे पूर्ण पगाराचा काही हिस्साच, आणि रविवारी मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसतो. विज्ञानाच्या मॅडम शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं पगाराऐवजी ठरावीक मानधनावर. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये आठ हजारांचं अठरा हजार झालं, तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे दिले. आठ हजारांत लोक पदव्या घेऊन डोंगरात शिकवत होते. त्यांना 'मुलांशी आनंदानं वागा' असं परिपत्रकातून सांगायला फार मोठं काळीज लागतं.

हेडसरांनी यातलं पगाराचं काहीच बदललं नाही, तो त्यांच्या हातातला भागच नव्हता. वेळापत्रक मात्र हातातलं होतं. रजेवरच्या शिक्षकाची ऑफ तासिका नेहमी सर्वांत नवख्याच्या गळ्यात पडायची. आता त्या तासिकांची वही सगळ्यांकडून फिरते, हेडसरांकडूनही. ऑनलाइन माहिती भरायचं काम दोघांकडेच साचलं होतं, ते वाटलं गेलं. आणि बैठकीत कुणाचाही पाणउतारा करायचा नाही, जे बोलायचं ते केबिनमध्ये दार लावून. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण त्या वर्षीपासून स्टाफरूममध्ये माणसं मोकळ्यानं 'मला या वर्गाचं जमत नाही' असं म्हणू लागली. याआधी असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या पायावर कोयता.

मारण्याबद्दल एक गोष्ट. छड्या केव्हाच गेल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेवर बंदी आहे हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच कलमात मानसिक त्रासावरही बंदी आहे, ते वाक्य मात्र कुणाला आठवत नाही. घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्यानं वाचायचे आणि तेही शेवटच्या नंबरापासून, ही छडीच आहे, फक्त वळ दिसत नाही. आम्ही पेपर घडी घालून हातात द्यायला लागलो. पोरंच एकमेकांना विचारून घेतात, तो भाग वेगळा. पण विचारणं आणि माईकवरून ऐकणं यात फरक आहे.

शाळेत खरं काय चाललंय हे आम्हा कुणाहीपेक्षा शिपाईमामांना जास्त कळतं. घंटेजवळच्या स्टुलावरून त्यांना सगळं दिसतं. एका फेब्रुवारीत ते मला म्हणाले, "मॅडम, मधल्या सुट्टीत नववीची ती तीन पोरं हापशाजवळच असत्यात. खेळत बी नाहीत." मी जाऊन पाहिलं. आईबाप तोडीला, घरी एकटी आजी, आजीला सकाळी उठून भाकरी होत नाही. आठवीची मुलं ताटं घेऊन रांगेत, आणि गेल्या वर्षीपर्यंत त्याच रांगेत असलेली ही तिघं हापशाच्या कट्ट्यावर पाणी पिऊन बसलेली. जेवणारं पोरगं त्यांच्याच गल्लीतलं. हे रोज दोन्हीकडून दिसत असताना 'आपण सारे एक' हा सुविचार परिपाठात वाचायचा, म्हणजे जरा कठीणच. मग गावातल्या काही घरांनी ज्वारी दिली, स्वयंपाकाच्या ताईंनी जास्तीच्या भाकरी थापायला होकार दिला. हे कुठल्या रजिस्टरला नाही, म्हणून इथंही जास्त लिहीत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. नववीला गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा पहिल्या सत्रात येतो, म्हणजे तोडीला जाणारी पोरं वर्गात असतात तेव्हा. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला, ३४ टक्के वाढ. पुस्तकातल्या उदाहरणांत गाड्यांचा वेग आणि पेरूची झाडं असतात. त्या वर्षी मी फळ्यावर हे दोन आकडे लिहिले. वाढ किती टक्के? मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर फळ्याकडे पाठ करून बसल्यासारखा बसायचा, त्यानं मी खडू ठेवायच्या आत उत्तर दिलं. मग मी विचारलं, एका कोयत्यानं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीनं, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, लाख रुपये उचल (आगाऊ रक्कम) घेतली तर ती फिटायला किती टन तोडावा लागेल? २७३ टन आले. जुना दर तोच आकडा, म्हणून पोरांना गंमत वाटली. दिवसाला दोन टन धरा. १३७ दिवस, एकही खाडा न करता.

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, आमची उचल दीड लाखाची हाय." मग सगळ्यांनी मिळून ते केलं. ४१० टन. २०५ दिवस. "पट्टा तर मार्चातच पडतोय," तो म्हणाला. मग स्वतःच, "म्हणूनच फिरून जावं लागतंय तर."

मुकादमाचं कमिशन, बैलांचा खर्च, दुखणंखुपणं यातलं काहीच आम्ही धरलं नव्हतं. पण त्या तासानंतर वर्गात एक झालं. न जाणारी पोरं, म्हणजे शिक्षकांची, दुकानदारांची, बागायतदारांची, त्या मुलाला गणितं विचारायला लागली. 'तांड्यावरचा' म्हणून ज्याला हाक मारायची, त्याच्याकडे वही घेऊन जायची. मी त्यांना एकदाही 'सगळ्यांशी मिळून मिसळून वागा' म्हटलं नव्हतं. पोरांना मान देण्यासाठी आधी काहीतरी कारण दिसावं लागतं, आणि आपल्या अभ्यासक्रमात ते कारण नेहमी एकाच प्रकारच्या घरातल्या पोरांकडे असतं. म्हणून मी आता दर धड्यात एक तरी गणित असं शोधते ज्यात तोडीवरचं पोरगं वरचढ ठरेल. बहुपदीत अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

जाणाऱ्या पोरांसाठी आम्ही 'जोडीदार वही' सुरू केली. दिवाळीच्या सुट्टीआधी जाणारं प्रत्येक पोरगं राहणाऱ्यांतला एक जोडीदार निवडतं. शिक्षकांनी जोड्या लावायच्या नाहीत, हा एकच नियम. राहणारा आपल्या वहीच्या पानांचे फोटो काढून जोडीदाराच्या बापाच्या फोनवर पाठवतो. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, वीज नसते, रिचार्ज संपतो, मुकादम फोन वापरायला घेऊन जातो, सगळं होतं. मराठी, इतिहास, भूगोलाला याचा बऱ्यापैकी उपयोग झाला. भूमितीला अजिबात नाही. प्रमेयाची सिद्धता फोटोतून कळत नसते, ती कुणीतरी समोर बसून बोटानं रेघ दाखवत सांगावी लागते. पण मार्चात पोरं परतली तेव्हा शाळेच्या दारात त्यांचं कुणीतरी वाट बघत होतं, हे मी पाहिलं. आधी ती फाटकाशी घुटमळायची. आत आलं की एखादे सर म्हणणार, "उगवलात का? या, पाहुणे!" वर्ग हसणार, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी रानात. आता जोडीदार फाटकावरूनच ओढत आणतो, कारण त्याला हंगामभर पाठवलेल्या फोटोंचा हिशेब मागायचा असतो.

मुलींचं वेगळं आहे आणि जास्त अवघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं, आमच्या जिल्ह्यात ४३ च्या वर. कोयता व्हायला जोडी लागते, म्हणून लग्न लवकर उरकतात. मागे एकट्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईची काळजीही खरी असते.

तक्रारपेटी आमच्याकडेही होती, नियमाप्रमाणे. हेडसरांच्या केबिनबाहेर, सीसीटीव्हीच्या अगदी खाली, किल्ली लिपिकांकडे. ती कायम रिकामी असायची आणि आम्ही ती 'निरंक' म्हणून वर कळवायचो. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. पहिल्या काही चिठ्ठ्या अशा: दाराला आतून कडी नाही. पाणी येत नाही. अमुक सर फळ्यावर गणित चुकलं की हसतात. स्टँडवर अमक्या गावची पोरं गाडी आडवी लावतात. कडी त्याच आठवड्यात बसली, आणि ती बसली म्हणूनच पुढच्या चिठ्ठ्या आल्या असं माझं मत आहे. हसणाऱ्या सरांशी केबिनमध्ये बोलणं झालं. ते चिडले, काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण हसणं थांबलं.

मग एक चिठ्ठी आली. नाव नव्हतं, अक्षरावरून मॅडमनी ओळखलं. 'दिवाळीनंतर माझं आहे.' एवढंच. कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांना सांगितलं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला, हेडसर आणि मी घरी गेलो. चहा मिळाला, शब्दही मिळाला. लग्न तेव्हा थांबलं. पण त्या घरानं हंगामभर आमच्याशी बोलणं टाकलं आणि मुलीला सोबत तोडीला नेलं. मार्चात ती परत आली. तिच्या जोडीदार मैत्रिणीकडे सगळ्या वह्या तयार होत्या. ती दहावीला बसली, पास झाली. याच काळात दुसऱ्या एका मुलीची चिठ्ठी आलीच नाही. तिचं नाव हजेरीत तसंच राहिलं आणि तिचं लग्न झाल्याचं आम्हाला किराणा दुकानात कळलं. पेटी कुठं लावली यानं सगळं सुटत नाही.

आणि निकाल? पडला. ज्यांना आधी नववीतच अडकवलं असतं अशी पोरं दहावीला बसली, आणि त्यातली काही नापास झाली. गुणपत्रिकेवर आता नापास लिहीत नाहीत, पण घरी सांगायचं तेच असतं. कमानीवर फ्लेक्स लागला नाही. संस्थेच्या बैठकीत हेडसरांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी बोर्डाच्या निकालाशेजारी आठवीचा पट लिहिलेला कागद पुढे केला. एका संचालकांनी तो उलटा धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. पालकांकडून मात्र एकही दाखला गेला नाही, पाचवीला उलट दोन वाड्यांवरची जास्तीची मुलं आली. पुढच्या वर्षी येतील का, ते तेव्हा बघू.

सध्या पुरवणी परीक्षेचे तास चालू आहेत, सकाळी सातला. पहिली एसटी साडेसातला येते, त्यामुळे लांबच्या जमेल तेवढ्या पोरांना हेडसर मोटरसायकलवर आणतात. गणित मी घेते. इंग्रजी घेतात तेच ज्येष्ठ सर, कुणी न सांगता. त्यांचं मत तसूभरही बदललेलं नाही. निकाल घसरला याचा राग त्यांना आहे आणि ते तो लपवत नाहीत. शिकवतात मात्र जीव तोडून, निबंधाची एकेक ओळ घासून घेतात. फक्त उशिरा आलेल्याला अजूनही दारातच उभं करतात. त्यावरून परवा पोरांच्या माघारी आमचं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, शिस्त नको का? मी म्हटलं, एसटीच्या ड्रायव्हरला उभं करा. ते हसले नाहीत. काल पुन्हा एक पोरगी सात चाळीसला आली. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले आणि ती आत येऊन बसेपर्यंत मागे वळले नाहीत. आजचं काय झालं ते कळलं नाही, माझा तास दुसऱ्या खोलीत होता.